रुग्णपरीक्षण : शुश्रूषेचा पहिला पाठ

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेला नरखेड तालुका संत्र्यांच्या बागांसाठी सर्वदूर ओळखला जातो. उत्तरेला मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि पश्चिमेला वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरूड असा या तालुक्याचा शेजार आहे. नागपूर-इटारसी लोहमार्ग नरखेडवरून जातो व अमरावतीकडे जाणारा फाटाही येथूनच फुटतो. तालुक्याचे ठाणे नागपूर शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. काही गावांना याहूनही लांबचा पल्ला पडतो.

बागायतदाराच्या दृष्टीने हे अंतर बाजारपेठेचे असते. आजारी माणसाच्या दृष्टीने ते वेळेचे असते. गावातील रुग्ण प्रथम आशा कार्यकर्तीच्या नजरेस पडतो. तेथून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि गरज भासल्यास नागपूरचे ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ असा त्याचा प्रवास होतो. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला म्हणजे हा प्रवास अधिकच बिकट होतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने याच तालुक्यातील मोवाड गावाची दैना केली आणि दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. ती आठवण तालुक्यात अद्याप ताजी आहे.

गंभीर रुग्ण दगावण्यामागे तीन प्रकारचे विलंब असतात, अशी मांडणी मातामृत्यूंच्या अभ्यासातून १९९४ मध्ये पुढे आली. मदत घेण्याचा निर्णय होण्यास लागणारा उशीर हा पहिला, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा उशीर हा दुसरा आणि तेथे पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यास लागणारा उशीर हा तिसरा. रस्ते व वाहने यांच्या साहाय्याने दुसरा विलंब कमी करता येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. परंतु रुग्णाला हलवण्याची गरज आहे, हेच जर कोणी ओळखले नाही, तर दारात उभ्या असलेल्या वाहनाचाही उपयोग होत नाही. पहिला विलंब टाळण्याचे साधन म्हणजे रुग्णाजवळ असलेल्या व्यक्तीचे अचूक निरीक्षण होय. परिचारिका अभ्यासक्रमात त्यालाच रुग्णपरीक्षण म्हणतात आणि विद्यार्थिनीचा पहिला पाठ तोच असतो. हा पाठ नेमका काय आहे आणि त्यातील प्रत्येक मिनिटाला इतके महत्त्व का दिले जाते, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

परीक्षण म्हणजे काय?

रोगाचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम होय. परिचारिकेचे परीक्षण त्याहून वेगळे आहे. रुग्णाची आत्ताची अवस्था काय आहे, ती मघापेक्षा बरी की वाईट आहे आणि या क्षणी त्याला कशाची गरज आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ती शोधत असते. शुश्रूषेची कार्यपद्धती पाच टप्प्यांची मानली जाते : परीक्षण, गरजेची निश्चिती, नियोजन, प्रत्यक्ष शुश्रूषा आणि मूल्यमापन. पाचवा टप्पा पुन्हा पहिल्याकडे नेतो. म्हणजे केलेल्या उपायाचा परिणाम झाला की नाही, हे पाहण्यासाठी परीक्षण पुन्हा करावेच लागते.

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्या काळी आजची उपकरणे नव्हती. रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केला. स्टेथस्कोप लावून दाबाचे वरचे व खालचे असे दोन्ही आकडे ऐकण्याची रीत रशियातील कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये दाखवून दिली. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू सांगणाऱ्या यंत्रामागील तत्त्व जपानमध्ये १९७४ च्या सुमारास पुढे आले. साधने बदलली, तरी ती वापरण्यापूर्वी डोळे, कान आणि हात यांचा उपयोग करावा लागतो, हे तत्त्व बदललेले नाही.

आधी पाहणे, मग विचारणे, मग स्पर्श

रुग्णाजवळ जाण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा नियम सर्वांत साधा आणि सर्वांत अधिक मोडला जाणारा आहे. व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूतिगृहात हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा स्रावाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला हाताळल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर, असे हात धुण्याचे पाच प्रसंग आज जगभर शिकवले जातात. ज्या उपकेंद्राच्या नळाला पाणी नाही, तेथे हा धडा पुस्तकातच राहतो. ही बाब पंचायतीने ध्यानात घ्यावी.

दारातून आत येणारा रुग्ण चालत येतो की धरून आणावा लागतो, त्याचे वाक्य एका दमात पूर्ण होते की मध्ये श्वास घ्यावा लागतो, ओठ निळसर आहेत का, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू फिकी आहे का, हे सारे पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसते. त्यानंतर विचारणे. ‘काय होते?’ या प्रश्नाला ‘गळल्यासारखं वाटते’ किंवा ‘अंगात कणकण आहे’ असे उत्तर आले, तर त्या शब्दांचा अर्थ विचारून घ्यावा लागतो. त्रास केव्हा सुरू झाला, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, लघवी शेवटी केव्हा झाली, कोणती औषधे चालू आहेत, अशा क्रमाने प्रश्न विचारले जातात. सासू किंवा नवरा समोर असताना सून सगळेच बोलेल असे नाही. म्हणून पडदा, थोडा एकांत आणि आदराने मारलेली हाक हीदेखील परीक्षणाची साधने ठरतात. वयस्क स्त्रीला ‘आजी’, ‘मावशी’ म्हणून बोलते करणारी विद्यार्थिनी केवळ शिष्टाचार पाळत नसते. तिला त्यातून माहितीही मिळत असते.

चार मोजमापे

ताप, नाडी, श्वसन आणि रक्तदाब ही चार मोजमापे म्हणजे रुग्णाच्या जीवनक्रियेची चिन्हे होत.

शरीराचे तापमान सर्वसाधारणपणे ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. काखेत घेतलेले तापमान तोंडात घेतलेल्या तापमानापेक्षा थोडे कमी भरते, म्हणून कोठे मोजले हेही लिहावे लागते. मोठ्या माणसात तापमान वाढणे हे काळजीचे लक्षण असते. नवजात बालकात मात्र ते उतरणेही तितकेच धोक्याचे असते. बाळाचे तापमान ९७.७ अंशांखाली गेले तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणे हा तत्काळ करावयाचा उपाय होय.

नाडी पाहताना तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे रुग्णाच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवतात. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्यातील स्वतःचीच नाडी जाणवून घोटाळा होतो. प्रौढाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० असते. संख्येइतकेच महत्त्व तिच्या लयीला व जोराला आहे. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण एक मिनिट मोजणे अनिवार्य ठरते.

श्वसन हे चारांपैकी सर्वांत दुर्लक्षित मोजमाप होय. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही, केवळ सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि एक मिनिटाची स्थिरता लागते. आपला श्वास मोजला जात आहे हे कळताच माणूस नकळत श्वासाची गती बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवायचे आणि नजर छातीकडे वळवायची, अशी युक्ती विद्यार्थिनींना शिकवतात. प्रौढाचे श्वसन मिनिटाला १२ ते २० असते. प्रकृती ढासळू लागली म्हणजे अनेकदा सर्वांत आधी श्वासाची गती वाढते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रक्तदाब मोजण्यात चुका होण्यास सर्वाधिक वाव असतो. सायकलीवरून किंवा पायी आलेल्या माणसाला पाच मिनिटे बसू द्यावे. त्याची पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवलेला असावा. मोजताना बोलू नये व बोलवू नये. पट्टा कपड्यावरून बांधू नये. पोलक्याची घट्ट बाही वर सारल्यास दंडावर फास बसतो, म्हणून हात बाहीतून काढावा, हे सांगण्याचा संकोच करू नये. पट्टा दंडाच्या मानाने अरुंद असेल तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. दाब पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असल्यास तो वाढलेला समजला जातो.

या चारांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली शुद्ध. रुग्ण पूर्ण सावध आहे, हाक मारल्यावर प्रतिसाद देतो, केवळ वेदनेला प्रतिसाद देतो की मुळीच देत नाही, या चार पायऱ्या कोणालाही शिकता येतात. दुसरी वेदना. शून्य ते दहा या मापात वेदना किती, हे रुग्णालाच विचारायचे असते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. त्यांची दुखणी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच तेथे परीक्षणाचा भाग ठरतो. तिसरी रक्तातील प्राणवायू. बोटाला लावायचे यंत्र कोविड साथीनंतर खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. परंतु बोटे गार पडलेली असतील किंवा नखांना रंग असेल तर ते चुकते. गडद वर्णाच्या त्वचेवर ते काही वेळा प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवते, असेही अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून यंत्राने ‘ठीक’ म्हटले तरी धाप लागलेल्या रुग्णाला ठीक समजू नये.

गडचिरोलीचा दाखला

साध्या मोजणीने जीव वाचतो, याचे प्रमाण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. न्यूमोनियाने दगावणाऱ्या बालकांचा प्रश्न हाती घेतल्यावर एक अडचण पुढे आली. गावातील सुइणींना बाळाचा श्वास ओळखता येत होता, परंतु पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यावर वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले एक साधे उपकरण तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले हे पाहायचे. निरक्षर हातांनी केलेली ती मोजणी शास्त्रीय निकषावर उभी होती.

तो निकष आज सर्वत्र वापरला जातो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असल्यास तो जलद समजावा. बाळ शांत असताना, रडत वा दूध पीत नसताना, पूर्ण ६० सेकंद मोजावे. श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर धोका अधिक मानावा.

पुढे याच संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. वजन करणे, तापमान पाहणे, श्वास मोजणे, बाळ दूध ओढते की नाही हे पाहणे आणि त्यानुसार ठरलेली कृती करणे, असे त्याचे स्वरूप होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर राबवला जाऊ लागला. दवाखाना दूर असला तरी परीक्षण दूर असण्याचे कारण नाही, हे गडचिरोलीने दाखवून दिले.

तालुक्याचे ऋतू आणि रुग्णाची लक्षणे

नरखेडसारख्या कृषिप्रधान तालुक्यात आजारांनाही ऋतुमान असते. उन्हाळ्यात विदर्भाचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. ऊन लागलेल्या माणसाचे अंग तापलेले असते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु १०४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप असून तो माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला तर तो उष्माघात असून क्षणाचाही विलंब परवडत नाही. येथे तापमान आणि शुद्ध ही दोन निरीक्षणे एकत्र वाचावी लागतात. पाण्याने अंग भिजवून वारा घालत घालतच रुग्णाला हलवावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पावसाळ्यात सर्पदंशाचे प्रमाण वाढते. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दंशाची खूण बहुधा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर साप दिसला नसला तरी शंका घ्यावी. एका श्वासात रुग्णाला किती अंक म्हणता येतात हे दर काही मिनिटांनी पाहिल्यास श्वसनाचे स्नायू दुबळे होत आहेत की काय याचा अंदाज येतो. आवळून दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे हे प्रकार टाळून, तो अवयव न हलवता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यात व विदर्भाच्या अन्य भागांत स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले. झुडपांत, गवतात आढळणाऱ्या अत्यंत सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून हा ताप होतो. चाव्याच्या जागी काळी खपली धरते, परंतु ती काख, जांघ किंवा कमरपट्ट्याखाली दडलेली असते. रुग्णाला संकोच न वाटेल अशा रीतीने, आडोसा करून, सर्वांग तपासले तरच ती सापडते. ओळख वेळेवर पटली तर साध्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो.

फवारणीचा हंगामही असाच सावधगिरीचा असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. संत्र्याच्या बागांतही कीटकनाशके फवारली जातात. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधाची बाधा झाल्यास डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ व घाम सुटतो, छातीत घरघर होते आणि नाडी मंदावू शकते. ही लक्षणे ओळखून कपडे उतरवणे, अंग साबण-पाण्याने धुणे आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी रुग्णाबरोबर पाठवणे, एवढे झाले तर पुढील उपचारांचा मार्ग सुकर होतो.

बाळंतपणाला मात्र ऋतू नाही. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक झाला, डोके दुखू लागले, दृष्टी अंधुक झाली तर ते झटके येण्याआधीचे लक्षण असू शकते. १६०/११० हा आकडा तर तत्काळ हालचालीचा इशारा होय. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशयाचा टणकपणा पाहिला जातो, यामागेही कारण आहे. तरुण स्त्रीचे शरीर रक्त गेले तरी बराच काळ दाब टिकवून धरते. नाडी आधी धावू लागते, रक्तदाब उशिरा पडतो. दाब पडेपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या हातातून वेळ निघून गेलेली असते. नाडी ८० वरून ९६, ९६ वरून ११४ अशी चढत आहे, हे कागदावर ओळीने लिहिलेले असेल तरच दिसते.

नोंदीचा प्रामाणिकपणा

येथेच नोंदवहीचे महत्त्व स्पष्ट होते. एकदा घेतलेला आकडा रुग्णाची अवस्था सांगतो, तर वेळेसह लिहिलेले चार आकडे त्याची दिशा सांगतात. म्हणून ‘जे केले ते लिहावे, जे केले नाही ते लिहू नये’ हा नियम विद्यार्थिनींच्या मनावर ठसवला जातो.

हा नियम मोडण्याचा मोह कोठून येतो, याचाही विचार व्हावयास हवा. एका परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार असतो, लसीकरणाचा दिवस असतो, संगणकात माहिती भरण्याची घाई असते आणि तपासणीस आलेला अधिकारी रकाने भरले आहेत की नाहीत एवढेच पाहतो. अशा वेळी न मोजताच नाडी ८० आणि रक्तदाब १२०/८० असे लिहून टाकले जाण्याचा संभव असतो. रकाना रिकामा राहिला तर विचारणा होते, पण खोटा भरला तर होत नाही. परिणाम मात्र उलट असतो. रिकामा रकाना पुढच्या डॉक्टरला सावध करतो, तर खोटा आकडा त्याला निश्चिंत करतो.

पर्यवेक्षक अधिकाऱ्याने नोंदवही पाहताना एक साधी कसोटी लावावी. माणसे भिन्न असतात, तेव्हा त्यांचे आकडेही भिन्न असले पाहिजेत. पानभर सर्वांचा श्वास १८ आणि सर्वांचा दाब १२०/८० असेल तर रुग्ण मोजले गेले नाहीत असे समजण्यास जागा आहे. उलट एखाद्या ठिकाणी ‘रुग्ण रडत असल्याने श्वास मोजता आला नाही’ अशी नोंद आढळली तर तिच्याबद्दल ठपका न ठेवता शाबासकी द्यावी. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा होते असे एकदा विद्यार्थिनीच्या मनात बसले तर तिला कितीही पुस्तके वाचावयास दिली तरी उपयोग नाही.

रुग्ण पुढे पाठवताना दिलेली चिठ्ठीही नोंदीचाच भाग होय. आत्ता काय घडत आहे, पूर्वी काय होते, आपण काय मोजले व केव्हा, काय केले आणि पुढे काय व्हावे असे वाटते, एवढ्या गोष्टी क्रमाने आल्या म्हणजे पुढील रुग्णालयाचा वेळ वाचतो आणि तिसरा विलंबही घटतो. सर्पदंशाची किंवा झटका आल्याची अचूक वेळ लिहिणे हे तर औषधाइतकेच मोलाचे आहे.

गाव काय करू शकते?

परीक्षणाची जबाबदारी परिचारिकेची असली तरी ते नीट होण्याजोगी परिस्थिती निर्माण करणे गावाच्या हाती आहे. उपकेंद्रात वाहते पाणी व साबण, एक पडदा, टेकून बसण्याजोगी खुर्ची, सेकंदकाट्याचे भिंतीवरील घड्याळ, लहान-मोठ्या मापांचे रक्तदाबाचे पट्टे आणि रात्रीचा प्रकाश या गोष्टी फार खर्चिक नाहीत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत त्यांची यादी करून वर्षातून दोनदा पडताळणी करता येईल. दंडपट्ट्याची हवा गळते का, वजनकाटा शून्यावर येतो का, हे पाहणे सदस्यांनाही अवघड नाही.

शिक्षकांना या कामी मोठा वाव आहे. सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या तासाला स्वतःची नाडी मोजणे, मैदानावर धावून आल्यावर ती पुन्हा मोजणे, तक्त्यावर मांडणे, हा बिनखर्चाचा प्रयोग आहे. त्यातून मोजमापाची शिस्त येते आणि एखाद्या मुला-मुलीच्या मनात शुश्रूषेच्या व्यवसायाची आवडही रुजते. बारावीनंतर साहाय्यक परिचारिका प्रसाविका, सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या आणि परिचर्या पदवी असे मार्ग खुले आहेत. हा व्यवसाय केवळ मुलींचा आहे, हा समजही आता दूर व्हावयास हवा.

अखेरीस एक साधी अपेक्षा. उपकेंद्रात किंवा घरी आलेली शिकाऊ परिचारिका मनगट धरून, घड्याळाकडे पाहत, काही न बोलता बसली असेल तर तिला ‘बाई, सुई लावा अन् मोकळं करा’ असे म्हणून घाई करू नये. त्या मिनिटात तिची मोजणी चालू असते, आणि नागपूरला जावयाचे की नाही याचा निर्णय तिने मोजलेल्या आकड्यावर अवलंबून असतो. तेवढा वेळ तिला शांतपणे मिळू देणे हेही गावाने आपल्या रुग्णासाठी केलेले साहाय्यच आहे.